पत्त्याचा रकाना

आपल्या रुग्णालयाच्या केसपेपरवर नाव, वय आणि लिंग यांच्या खाली ‘संपूर्ण पत्ता’ असा एक रकाना आहे. नोंदणी खिडकीवरील कर्मचारी दिवसभर तो भरत असतात आणि एरवी कोणाचे त्याकडे लक्षही जात नाही. परंतु काही केसपेपरांवर त्या जागी ‘हिंदमाता पुलाखाली’, ‘दादर फूलबाजार’, ‘परळ, फुटपाथ’ किंवा नुसतेच ‘स्टेशन’ असे लिहिलेले आढळते. काहींवर फक्त एक आडवी रेघ असते. रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, जमा आणि खर्च यांचा तपशील आम्ही दरवर्षी आपणांस सादर करतोच. यंदा त्याबरोबर या आडव्या रेघेचाही हिशेब आपल्यापुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

बेघरांचा प्रश्न महानगरपालिकेचा आणि शासनाचा. रुग्णालयाच्या अहवालात त्याला जागा कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर साधे आहे. रुग्ण आमच्याकडे थोडे दिवस असतो. त्याचे बरे होणे मात्र पुढे कित्येक आठवडे चालू राहते, आणि ते कोठे चालू राहते यावर आमच्या उपचारांचे यश अवलंबून असते. त्यामुळे आपले शहर निवारा कसा देते, तो कोणापर्यंत पोहोचतो आणि कोठे तोकडा पडतो, हे रुग्णालय चालविणाऱ्यांनी आणि रुग्णालयाला देणगी देणाऱ्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

रस्त्यावर कोण राहते?

पदपथावर रात्र काढणारी सर्व माणसे एकाच कारणाने तेथे आलेली नसतात. मध्य आणि दक्षिण मुंबईत साधारणपणे तीन प्रकारची माणसे आढळतात.

पहिला प्रकार परळमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय, १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि लहान मुलांचे वाडिया रुग्णालय ही सर्व चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येथे येतात. कर्करोगाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि गावाहून आणलेले पैसे पहिल्या तपासण्यांतच संपू लागतात. मग लॉज सुटते आणि रुग्णालयाच्या भिंतीलगत प्लास्टिकचा कागद बांधून कुटुंब राहू लागते. या लोकांना घर आहे, शेत आहे, गावात नाव आहे. फक्त मुंबईत छप्पर नाही.

दुसरा प्रकार कष्टकऱ्यांचा. बाजारातील हमाल, हातगाडी ओढणारे, लग्नकार्यांत वाढपी म्हणून जाणारे, भंगार वेचणारे, असे हे लोक रोज कमावतात आणि त्यांतील बरेच जण गावी पैसेही पाठवितात. दादरचा फूलबाजार उजाडण्यापूर्वीच जागा होतो. तेथे पाट्या वाहणाऱ्याला लांबच्या उपनगरात स्वस्त खोली मिळाली, तरी पहाटेच्या कामाला पोहोचता येत नाही. कामाशेजारी झोपणे हाच त्याचा व्यवहार असतो.

तिसरा प्रकार सर्वांत निराधार. मुलांनी सांभाळ सोडलेले वृद्ध, घर सोडावे लागलेल्या स्त्रिया, पळून आलेली मुले आणि मनोविकारामुळे भटकत राहिलेली माणसे या प्रकारात येतात. यांना आपले गाव सांगता येत नाही, किंवा सांगावेसे वाटत नाही.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची स्वतंत्र मोजणी झाली. मुंबईत ती संख्या सुमारे ५७ हजार भरली. एका रात्रीत, अंधारात, जागा बदलणाऱ्या माणसांची ही मोजणी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे खरी संख्या याहून कमी असण्याचा संभव नाही.

गाव विचारणारा निवारा

मुंबईने आश्रय दिला नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळच्या चाळींतून कोकणातील आणि घाटावरील गावांच्या मंडळांनी घेतलेल्या खोल्या होत्या. गावाहून आलेला तरुण वळकटी आणि ट्रंक घेऊन थेट तेथे येई. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपण्याच्याही पाळ्या असत. एकाची पथारी उठली की दुसऱ्याची पडे. जेवणासाठी खानावळी होत्या. धोबीतलाव आणि गिरगावच्या बाजूला गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते. जहाजावर चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर गोव्याचे खलाशी तेथे मुक्काम करीत. गिरगावात सी. पी. टँकजवळच्या हिराबागेसारख्या धर्मशाळा दानशूर व्यापाऱ्यांनी बांधल्या.

या सर्व व्यवस्थेची एक किल्ली होती. दारात पहिला प्रश्न ‘गाव कोणते?’ असा होई. त्याचे उत्तर देणाऱ्याला आणि ओळख पटविणाऱ्याला जागा मिळे. ज्याला ओळख नाही, त्याच्यासाठी ही दारे बहुधा बंद असत. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चाळी पडून मनोरे उभे राहिले आणि गावांच्या कित्येक खोल्याही त्यांबरोबर गेल्या.

ओळख न विचारणाऱ्या निवाऱ्याचा आपल्याकडील थोर आदर्श म्हणजे संत गाडगे महाराज (१८७६–१९५६). त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या, परंतु त्यांची दृष्टी तीर्थक्षेत्रांपुरती मर्यादित राहिली नाही. रुग्णाबरोबर आलेला नातेवाईक हाही यात्रेकरूच आहे, हे ओळखून त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी केली. त्यांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांचा मोठा आधार आहे. परळ येथे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि वांद्रे येथे टाटा रुग्णालयाचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मारक निवासस्थान याच कामी आहेत. पहिल्या प्रकारच्या बेघरांना जो काही आसरा मिळतो, त्याचा मोठा वाटा अशा संस्थांचा आहे. त्या सर्वांविषयी आम्ही येथे कृतज्ञता व्यक्त करतो.

कायद्याने काय दिले?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी मात्र कायद्याकडे वळावे लागते. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथांवरील वस्त्या हटवून लोकांना त्यांच्या गावी पाठविण्याचा निर्णय तत्कालीन राज्य शासनाने जाहीर केला. त्याविरुद्धचा दावा पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणसे पदपथावर राहतात ती कामाजवळ राहण्यासाठी, हे न्यायालयाने मान्य केले. त्याच वेळी योग्य सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा महानगरपालिकेचा अधिकारही मान्य केला. मात्र त्या वर्षी पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उलटेपर्यंत कोणास हटवू नये, असे सांगितले. माणूस तेथे का झोपतो, हे या निकालाने देशाला समजावले. त्याने कोठे झोपावे, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे काहीसे उत्तर २०१० मध्ये आले. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत रात्र निवारे पाडले गेल्यावर अन्नाच्या हक्काविषयीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. पुढे मोठ्या शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास उघडे असे निवारागृह असावे, असा दंडक ठरला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्याला योजनेचे रूप दिले. दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, प्रत्येकी ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची व सामान ठेवण्याची व्यवस्था, असे निकष त्यात होते. महानगरपालिकेने जागा द्यावी आणि स्वयंसेवी संस्थांनी निवारा चालवावा, अशी पद्धत रूढ झाली.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून येथे थोडा भागाकार करून पाहिला. २०११ साली बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२४ निवारागृहे आणि १२,४०० जणांची सोय हवी. समोर ५७ हजार माणसे आहेत. दंडक पूर्णपणे पाळला, तरी साधारण साडेचार जणांमागे एकाला जागा मिळेल. प्रत्यक्षात शहरातील निवारागृहांची संख्या १२४ च्या जवळपासही पोहोचलेली नाही. कारणे सर्वांना ठाऊक आहेत. या शहरात जागा महाग आहे, आणि ‘आमच्या गल्लीत नको’ असे म्हणणारे शेजारीही आहेत. शिवाय निवाऱ्याचा संबंध थंडीशी जोडला गेल्यामुळे मुंबईला त्याची तितकी गरज नाही, असा एक समज आहे. मुंबईत घातक ऋतू पावसाळ्याचा. हिंदमात्याला पाणी तुंबले की आपण घरी बसतो; तेथील पदपथावर राहणारा माणूस पायाला जखम असली तरी त्याच पाण्यात उभा असतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच पाण्यातून, अशाच जखमांवाटे शरीरात शिरतात. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महानगरपालिका दर पावसाळ्यात सांगते. ती सूचना रस्त्यावरच्या माणसापर्यंत कोणीतरी चालत जाऊन पोहोचवावी लागते.

चालत जाण्याचे काम

हे चालत जाणे म्हणजेच संपर्काचे काम. निवारागृह उघडले म्हणून माणसे आपोआप येत नाहीत. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली लोकांना गाडीत घालून चेंबूरच्या भिक्षेकरीगृहात नेले गेल्याच्या आठवणी रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. ‘चला, तुमची सोय करतो’ असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर कोणी सहजासहजी जात नाही. म्हणून कार्यकर्ते ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी, त्याच रस्त्याने पुन्हा पुन्हा जातात. पहिल्या भेटींत नाव-गावही विचारीत नाहीत. एखाद्याची जखम धुऊन देणे, एखाद्याला चहा देणे, एवढ्यावर भेट संपते. विश्वास बसल्यावर माणूस स्वतःच दुखणे सांगतो.

त्यानंतर येते कागदपत्रांचे काम. धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा विनामूल्य आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. आपले रुग्णालयही तिने बांधलेले आहे. परंतु या सवलतीसाठी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. ज्याच्यापाशी घर नाही, त्याच्यापाशी हे कागदही बहुधा नसतात. म्हणजे सर्वांत निर्धन माणूसच आपली निर्धनता सिद्ध करू शकत नाही.

यातून मार्ग आहेत आणि संपर्काचे कार्यकर्ते ते जाणतात. बेघर नागरिकाला मतदारयादीत नाव नोंदविण्यासाठी पत्त्याचा पुरावा द्यावा लागत नाही. तो जेथे झोपतो ती जागा त्याने अर्जात लिहायची. निवडणूक कर्मचारी रात्री तेथे जाऊन, गरज पडल्यास एकाहून अधिक रात्री जाऊन, खात्री करून घेतात. पदपथाचा तुकडा अशा रीतीने सरकारदरबारी पत्ता ठरू शकतो. मनोरुग्णांच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांवर स्पष्ट कर्तव्य टाकले आहे. भटकणाऱ्या मनोरुग्णाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य केंद्रात न्यावे लागते आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचविता येते, हे डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने दाखवून दिले आहे. त्याबद्दल २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या नोंदवहीतील एक नोंद

आता आमच्याविषयी. दादरच्या बाजारात पाट्या वाहणारे, पन्नाशीचे एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आपल्या रुग्णालयात दाखल झाले. त्यांना मधुमेह होता आणि तळपायात खिळा जाऊन जखम चिघळली होती. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. देयक निर्धन रुग्ण निधीतून भागविले. डिस्चार्ज कार्डावर सूचना लिहिल्या: पाय उंचावर ठेवावा, जखम कोरडी ठेवावी, एक दिवसाआड ड्रेसिंग करावे, इन्सुलिनची कुपी थंड जागी ठेवावी. घरी फ्रिज नसेल तर कुपी मातीच्या मडक्यात ठेवा, असे आपल्या सिस्टर प्रेमाने समजावून सांगतात. मडके ठेवण्यासाठी कोपरा लागतो, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. बाहेर पाऊस पडत होता. वॉर्डबॉयने त्यांना फाटकापर्यंत सोडले आणि नोंदवहीत शेरा पडला: ‘प्रकृतीत सुधारणा. घरी सोडले.’

तिसऱ्या आठवड्यात बाजारातील सोबत्यांनी त्यांना हातगाडीवरून परत आणले. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांचे पाट्या वाहण्याचे काम कायमचे सुटले.

या प्रसंगात वैद्यकीय हयगय झाली नव्हती. कार्डावरील प्रत्येक सूचना योग्यच होती. ती पाळण्यासाठी लागणारी जागा मात्र रुग्णापाशी नव्हती, आणि हे आमच्याच केसपेपरवर पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. हिशेबाच्या दृष्टीनेही आमचा व्यवहार फसला. दुसऱ्या वेळचा मुक्काम आणि शस्त्रक्रिया यांच्या खर्चात त्यांना कित्येक आठवडे एखाद्या कोरड्या खोलीत ठेवता आले असते. देणगीदारांचा पैसा आम्ही दोनदा खर्च केला आणि माणसाचा पाय गमावला.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९८५ पासून बेघरांच्या आरोग्यसेवेचे काम चालते. रुग्णालयात ठेवण्याइतका आजारी नाही, पण रस्त्यावर पाठविण्याइतका बराही नाही, अशा माणसासाठी तेथे ‘बार्बरा मॅकिनिस हाउस’ नावाचे १०४ खाटांचे विश्रामगृह आहे. आपल्याकडे ही कल्पना परकी मानण्याचे कारण नाही. उपजीविका अभियानाच्या निवारागृहांच्या प्रकारांतही एकाकी वृद्ध आणि मनोरुग्ण यांच्याबरोबर ‘बरे होत असलेले रुग्ण व त्यांचे कुटुंबीय’ यांच्यासाठी विशेष निवारा सुचविलेला होता. धर्मशाळा आपण शंभर वर्षे चालवीत आलो आहोत. त्यात एक परिचारिका, ड्रेसिंगचे टेबल आणि औषधांसाठी छोटा फ्रिज एवढे जोडले की असे विश्रामगृह उभे राहते.

आम्ही काय केले आणि आपण काय करावे

त्या घटनेनंतर डिस्चार्जच्या कागदावर आम्ही एक ओळ वाढविली: ‘आज रात्री झोपणार कोठे?’ हा प्रश्न रुग्णाला सोडण्याच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. म्हणून समाजसेवा विभाग तो दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारतो, म्हणजे निवारागृहात किंवा धर्मशाळेत चौकशी करण्यास अवधी मिळतो. ड्रेसिंगसाठी येणाऱ्या बेघर रुग्णांकडून केसपेपरचे पैसे घेतले जात नाहीत. क्षयरोगाच्या रुग्णांची औषधे हवी असल्यास आमच्याकडेच ठेवली जातात. कारण सहा महिन्यांचा उपचार एखाद्या सकाळी सामान उचलून नेले गेल्यामुळे खंडित होतो. तरीही त्या नव्या ओळीपुढे अनेकदा उत्तर मिळत नाही. तेव्हा डॉक्टर मुक्काम दोन-चार दिवसांनी वाढवितात आणि तेवढे दिवस दुसरा एखादा रुग्ण खाटेची वाट पाहत राहतो. हे योग्य नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

म्हणून बरे होत असलेल्या बेघर रुग्णांसाठी लहानसे विश्रामगृह सुरू करावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. सर्वांत मोठी अडचण जागेची आहे. ज्या दात्यांची परळ, लालबाग, दादर किंवा गिरगाव परिसरात तळमजल्यावरील एखादी वापरात नसलेली जागा असेल, त्यांनी तिचा विचार करावा. ज्यांना रोख देणगी द्यावयाची आहे, त्यांना ती या कामासाठी राखीव म्हणून देता येईल आणि तिचा जमाखर्च पुढील अहवालात स्वतंत्रपणे दाखविला जाईल.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही आमची एक विनंती आहे. आपल्या माणसाच्या शेजारच्या खाटेवर कधी असा रुग्ण असेल, ज्याला भेटीच्या वेळी कोणी येत नाही. आपण आणलेल्या डब्यातील घासभर त्याला देता, हे आम्ही पाहिले आहे. त्याच्याशी चार शब्द बोलता आले तर तेही बोलावे. गावाचे, भावाचे, जुन्या मालकाचे नाव अशा बोलण्यातूनच पुढे येते आणि आमच्या समाजसेवा विभागाला शोध घेण्यासाठी धागा मिळतो.

पुढील वर्षी हा अहवाल लिहिताना ‘आज रात्री झोपणार कोठे?’ या ओळीपुढे किती उत्तरे मिळाली आणि किती जागा कोऱ्या राहिल्या, ते दोन्ही आकडे आम्ही इतर आकड्यांच्या शेजारी छापू. कोऱ्या जागा कमी व्हाव्यात यासाठी आपल्या सहकार्याची नम्र अपेक्षा आहे.